आईचा माळा

मे महिन्यात रजा काढून महाडला गेलो. वीर स्टेशनवर उतरलो तेव्हा अंगाची लाही होत होती. आई ओट्यावर आगोटीची सुकट निवडत बसली होती.

जुलै २०२१ च्या पुराची रेघ भिंतीवर अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर. भाऊ म्हणतो, घर विकू, आईला मुंबईला नेऊ. पोरांच्या फीसाठी मलाही पैसा हवाच होता. खोटं कशाला बोलू?

आई म्हणाली, "२० मार्च १९२७ ला तुझे आजोबा बाबासाहेबांमागे चवदार तळ्यावर गेले होते. हे घर त्यांनी बांधलंय. पाणी आलं तर मी माळ्यावर चढेन."

सत्तरी ओलांडलेली बाई!

निघण्याआधी सुताराकडून माळ्याच्या जिन्याला कठडा बसवून घेतला. विक्रीचं बोलणं भावानं पुन्हा काढलं नाही, मीही नाही.