पोखऱ्याचे बी

बी पेरून फुलझाडे वाढविणाऱ्या माणसाकडे आजकाल लोक किंचित कीव येऊन पाहतात. रोपवाटिकेत पैसे टाकले की कळ्यांसकट कुंडी घरी येते. मग चिमूटभर बियांपुढे महिनोन्‌महिने हात जोडून बसावे कशासाठी, असा त्यांचा सरळ सवाल असतो. जास्वंद-मोगऱ्यापुरता आम्हीही तो मान्य करतो. ती झाडे फांदीवरून यावीत हेच बरे. परंतु फांदीवरून येते ते जुनेच झाड, फक्त कुंडी नवी. बीमधून येते ते या जगात पूर्वी कधीही नसलेले झाड असते. हा फरक एकदा मनावर ठसला की माणूस रोपवाटिकेच्या कामाचा उरत नाही.

रायपूरची हवा या छंदाला अनुकूल आहे असे म्हणवत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांना जाऊन भिडतो, आणि जूनच्या मध्यावर पाऊस आला म्हणजे उन्हातून वाचलेली रोपे पाण्याने कुजू लागतात. मातीच्या बाबतीत मात्र छत्तीसगड उदार आहे. येथील शेतकऱ्याने तिला चार नावे दिली आहेत : तांबडी, मुरमाड ती भाटा, पिवळसर, हलकी ती मटासी, काळी, जड, चिकट ती कन्हार, आणि मटासी व कन्हार यांच्या मधली ती डोरसा. बागकामाची पुस्तके मातीविषयी पानेच्या पाने लिहितात. आम्हांला ही चार नावे पुरली.

भाट्याच्या मुरमात आम्ही अडेनियम लावतो. आफ्रिका आणि अरबस्तानच्या रुक्ष प्रदेशातले हे झाड रायपूरच्या उन्हाळ्यात माहेरी आल्यासारखे वागते. त्याच्या शेंगा शिंगांसारख्या जोडीने येतात, आणि पिकून उकलल्या की दोन्ही टोकांना झुपके असलेल्या बिया वाऱ्यावर निघून जातात. म्हणून शेंगेला आधीच दोरा गुंडाळून ठेवावा लागतो. बीपासून आलेल्या रोपाचा बुंधा जसा गरगरीत फुगतो तसा फांदीपासून आलेल्याचा सहसा फुगत नाही. फुलाचा रंग मात्र आईसारखा येईल याची हमी नाही. कळलावीची गोष्ट निराळी. ती येथील रानातलीच. पानाच्या टोकाचाच तणावा करून ती वर चढते. फूल पिवळे उमलते आणि लाल होऊन मिटते. कंद लावला तर त्याच वर्षी फुलते, बी लावले तर तीनचार वर्षे वाट पाहायला लावते. सर्वांगी विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या घरी तिला थारा देऊ नये. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून तिला हे नाव मिळाले असे म्हणतात. मराठीत भांडण लावून देणाऱ्यालाही हीच पदवी आहे, आणि शेजारच्या वेलींशी तिचे वर्तन पाहता दुसरा अर्थही तिला शोभतो.

बियांच्या बाबतीत हे शहर तसे सामान्य नव्हे. डॉ. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात येथे भाताच्या सतरा हजारांहून अधिक वाणांचा संग्रह केला. तो ठेवा आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. परंतु भाताचे बी साध्या कोठीत ठेवले तर काही वर्षांतच निर्जीव होते. ते पुन्हा पुन्हा पेरीत राहावे लागते, तरच वाण टिकतो. कमळाचे बी याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे, आणि ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती हकीकत त्या बियांचीच आहे.

आपण मराठी माणसे कमळाच्या बीला कमळकाकडी म्हणतो. हिंदीत तोच शब्द कमळाच्या चिखलातल्या कंदाला लावतात, आणि तो कंद येथील बाजारात ढेंस या नावाने विकला जातो. बियांनी भरलेले कमळाचे फळ ते पोखरा. ते हुबेहूब झारीच्या तोंडासारखे दिसते. पावसाळा सरता सरता पोखऱ्यांचे पसरे लागतात, आणि पोरे त्यातल्या हिरव्या बिया सोलून खातात. रायपूर हे मुळात तलावांचे गाव. बूढा तलाव आणि तेलीबांधा नव्या थाटात का होईना, अजून आहेत. रजबंधा मात्र मैदान झाला. पाणी गेले आणि नावातला बांध तेवढा राहिला. आमच्या वस्तीतला तलाव याहून लहान होता. तो बुजून चाळीस वर्षे झाली आणि त्याच्यावर आज घरे आहेत. त्या घरांतल्या लोकांचा यात काही दोष नाही, तेव्हा त्याचे नाव येथे घालत नाही.

त्या तलावाच्या बियांची आमच्या आईने जपमाळ करविली होती. एकशे आठ मणी ओवून उरलेल्या बिया तिने एका पत्र्याच्या डबीत ठेवल्या. माळ आईबरोबर गेली. डबी राहिली. माळेतले मणी भोक पाडलेले असतात, त्यांतून काही उगवण्याची आशा नसते. डबीतल्या अडतीस बिया मात्र अखंड होत्या.

त्या जिवंत असतील असे मानण्यास आधार होता. जपानात चिबाजवळ डॉ. इचिरो ओगा यांना १९५१ साली चिखलाच्या जुन्या थरात कमळाच्या तीन बिया सापडल्या. त्यांपैकी एकीचे रोप पुढल्याच वर्षी फुलले. त्या बियांचे वय सुमारे दोन हजार वर्षे मानले जाते. चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या तळची बी सुमारे तेराशे वर्षांची असूनही उगवली, हे संशोधन १९९५ साली प्रसिद्ध झाले. याचे रहस्य कवचात आहे. ते पाणी आत शिरू देत नाही, हवाही नाही. आतला कोंब हिरवाच्या हिरवा निजून राहतो.

म्हणून कमळाचे बी नुसते पेरून भागत नाही. त्याला जखम करावी लागते. एका टोकाला कानस लावून काळे कवच घासायचे, आतला पांढुरका गर दिसला की थांबायचे. आईच्या हातची बी चिमटीत धरून तिच्यावर कानस चालविताना आमचा हात काही वेळ चालेना, हे सांगितलेच पाहिजे. प्रथम बारा घेतल्या. चार पाण्यावर तरंगल्या, त्या पोकळ समजून बाजूला काढल्या. उरलेल्या आठ कोमट पाण्यात ठेवल्या, पाणी रोज बदलले. दोन दिवसांत त्या फुगून दुप्पट झाल्या. सहाव्या दिवशी तिघींनी हिरवा कोंब बाहेर काढला. बाकीच्या पाचांचे पाणी गढूळ झाले.

पुढचे काम सोपे आहे. भोक नसलेले रुंद घमेले, तळाशी कन्हार माती, वर चार बोटे पाणी, आणि दिवसभर ऊन. शेणखत घालण्याचा मोह आवरावा, पाणी नासते. डासांसाठी गप्पी मासे सोडावे. पहिली पाने नाण्यांसारखी पाण्यावर पडून राहतात. मुळे धरली की मग पाने दांड्यावर उभी राहू लागतात. एक रोप पहिल्या थंडीत गेले. उरलेल्या दोहोंपैकी एकाला दुसऱ्या वर्षी श्रावणात कळी आली.

आता घरात एक जुना तंटा होता. तलावातली कमळे पांढरी होती असे अण्णांचे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचे म्हणणे, आणि आमच्या आठवणीत ती गुलाबी. आई असताना हा प्रश्न तिला विचारावा असे कोणाच्याच मनात आले नाही. तेव्हा तलाव समोरच होता. कळी उमलली ती गुलाबी. कमळाचे फूल उमलताना स्वतःची ऊब राखते, बाहेर गारवा असला तरी आत तीस अंशांच्या वर. तो परागीकरण करणाऱ्या किड्यांचा पाहुणचार समजतात. आम्ही पहाटे बोट घालून पाहिले, खरेच ऊबदार होते. चौथ्या दिवशी पाकळ्या गळाल्या. आम्ही अण्णांना नागपूरला छायाचित्र पाठविले. त्यांनी उलट कळविले की बीवरून आईबापांचा रंग सिद्ध होत नाही, हे तूच आम्हांला शिकविले आहेस. शास्त्र त्यांच्या बाजूचे होते. तलावात दोन रंग एकत्र असते तर परागांची सरमिसळ झालीच असती, आणि या एका झाडावरून त्या पाण्याचे चित्र काढणे शक्य नाही. पोखरे विकणाऱ्या एका वृद्ध बाईला तो तलाव आठवत होता. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "दूनो रहिस, बाबू." दोन्ही होती.

डबीत अजून सव्वीस बिया आहेत. त्या इतक्यात काढणार नाही. यंदा आमच्या घमेल्यातच तीन पोखरे धरले, आणि त्यांतल्या बिया आता काळ्या पडल्या आहेत. अण्णांनी सहा मागितल्या. शहाऐंशीव्या वर्षी सज्जात घमेले मांडणार म्हणतात. बियांबरोबर कानसही पाठविली आहे. गुलाबी निघाली तर ते कळविणार नाहीत हे आम्हांला ठाऊक आहे.