जाताना सोळा, येताना चौदा

मंगळवार, मुंबई
बॅगा बांधून झाल्या. विमान रात्री एकचं, म्हणून तिकिटावर तारीख बुधवारची आणि घरातून निघायचं मात्र आजच. भाचीने पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून दाखवला. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं. दोरा मात्र वायव्येला चढला आणि आइसलँडच्या कडेने, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकावरून अमेरिकेत उतरला. सर्वांत जवळचा रस्ता हाच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

बुधवार, हवेत
दोऱ्याचा रस्ता घरीच राहिला. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, त्यामुळे आम्ही आधी अरबी समुद्रावरून ओमानकडे गेलो. मग तुर्कस्तान, युरोप, अटलांटिक.

विमान बोइंग 777. याचं उड्डाणाचं कमाल वजन साधारण 351 टन, आणि टाक्या भरल्या तर त्यातलं 145 टन नुसतं इंधन! म्हणजे निघताना विमानाच्या वजनाचा दोन-पंचमांश भाग पुढच्या प्रवासाचं इंधनच असतं. ते जळेल तसं विमान हलकं होतं आणि टप्प्याटप्प्याने वर चढतं. समोरच्या पडद्यावर सुरुवातीला 30 हजार फूट उंची होती, ब्रेकफास्टच्या वेळी 36 हजार.

त्या पडद्यावरच्या वेगाने मात्र माझी झोप घालवली. ताशी 820 किलोमीटर. एवढ्या मोठ्या विमानाला हे कमीच. कारण समोरचा वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून ते मोजले आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्परांतो भाषेत लिहिला. जगाने तो वाचलाच नाही, हे ओघाने आलंच.

बुधवारच, न्यूयॉर्क
रात्री एकला निघालो, सकाळी साडेसातला उतरलो. घड्याळं पाहून कोणी म्हणेल, साडेसहा तास! न्यूयॉर्क ऑक्टोबरात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं मागे केली की साडेदहा. खरे तास सोळा, आणि पायांना ते पक्के कळले आहेत.

गुरुवार
पहाटे तीनला टक्क जाग. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

रविवार, परतीच्या विमानात
सकाळी साडेअकराचं उड्डाण. अटलांटिकवर पडद्यावर ताशी 1,040 किलोमीटर. इंजिनं तीच, विमानाचा हवेतला वेगही तोच. फक्त वारा आता पाठीशी. याच वाऱ्यावर फेब्रुवारी 2020 मध्ये, वादळाच्या दिवसांत, एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. म्हणून ‘अमेरिका किती तास?’ या प्रश्नाला माझा उलटा प्रश्न: जाताना की येताना?

सोमवार, मुंबई
सकाळी अकराला उतरलो. चौदा तास. न्यूयॉर्कला तेव्हा पहाटेचे दीड वाजले होते. परतीच्या तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरांत ‘+1’ छापलेलं असतं. घ्यायला येणाऱ्यांना दिवस कळवण्याआधी ते जरूर पाहा.