बाळंतिणीचं घर आणि मुकी जनावरं

घरात बाळ येणार म्हटलं की पाळणा, दुपटी, डिंक, मेथी, बाळंतशोपा अशी लांबलचक यादी होते. त्या यादीत घरातल्या जनावरांचा विचार सहसा नसतो. बाळ घरी आलं की मात्र पहिला प्रश्न तोच निघतो : या मांजरीचं काय करायचं? उत्तरही ठरलेलं असतं. पोत्यात घालायची आणि मोटारसायकलवरून दूर नेऊन सोडायची. आमच्या गल्लीत हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. मागच्या वर्षी ही वेळ आमच्याच घरावर आली. आम्ही दुसरा रस्ता धरला. तो धरताना काय काय करावं लागलं, ते इथं लिहीत आहोत. कारण शाळेत पालकसभेला येणाऱ्या आया आम्हाला अजून याबद्दल विचारतात.

आमचं घर धाराशिव शहरात, जुन्या वस्तीत. घरात आम्ही दोघं, अम्मी आणि धाकटा मुलगा. मागच्या अंगणात एक शेळी, आणि घरभर फिरणारी मिश्री नावाची मांजर. शेळी आपल्याच भागातल्या जातीची : काळीभोर, लांब कानांची, कमी चाऱ्यावर आणि कडक उन्हात तग धरणारी, एका वेताला बऱ्याचदा जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तरी ही शेळी सगळीकडे ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते. आमची थोरली मुलगी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा ही शेळीही गाभण होती. अम्मींनी तर हिशेबच मांडला होता, की बाळ येईल तोवर शेळीही विईल आणि घरात दूध होईल.

झालं वेगळंच. मुलीला आठवा महिना सुरू असताना एका पहाटे शेळी गाभडली. दोन्ही करडं मेलेली पडली. अम्मी अंगण धुवायला निघाल्या होत्या आणि मुलगीही दारात येऊन उभी राहिली होती. आम्ही मुलीला आधी आत पाठवलं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात कोणी गरोदर आहे का, हा. शेळी गाभडण्याची कारणं बरीच असतात. मार लागणं, बुरशीचा चारा, खुराकातली कमतरता. पण काही संसर्गजन्य रोगांतही शेळ्या गाभडतात. त्यातला ब्रुसेल्लोसिस हा रोग माणसालाही होतो. गाभडलेलं पिल्लू, वार आणि अंगावरून जाणारा स्राव यांना उघड्या हातांनी हात लावला, किंवा अशा शेळीचं कच्चं दूध प्यायलं, तर तो माणसात येतो. मग ताप उतरतो आणि पुन्हा चढतो, घाम येतो, सांधे धरतात. गरोदर बाईला गर्भपाताचाही धोका असतो. म्हणून त्यांनी सांगितलं तसं आम्ही केलं. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून पिल्लं आणि वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खालची माती खरवडून काढली. शेळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी बांधली. तिचं काम घरात एकानंच करायचं, आणि मुलीनं तिकडे फिरकायचं नाही, असं ठरलं.

शेळीचं रक्त तपासणीला गेलं. अहवाल येईपर्यंतचे दिवस कठीण होते. शेजारून सल्ला आला, की कशाला ताप करून घेता, बाजार दाखवा. शेळीला चार पैसे आलेही असते. पण रोगाचा संशय असलेलं जनावर न सांगता दुसऱ्याच्या दारात बांधणं आम्हाला पटलं नाही. मालातला दोष लपवून विकू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो; ती आपल्याच अंगणात आल्यावर सोडायची कशी? अहवाल निर्दोष आला. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, तीही निर्दोष निघाली. तेव्हा कुठं घरानं श्वास घेतला.

दुधाचा प्रश्नही याच निमित्तानं निघाला. शेळीचं दूध पचायला हलकं, ते बाळाला पाजावं, असं आपल्याकडे जुन्या बायका सांगतात. मुलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं. त्यावरच वाढवलेल्या बाळाचं रक्त कमी होतं. आपल्या धर्मातही आईनं दोन वर्षं दूध पाजण्याचं सांगितलं आहे, ही आठवण अम्मींना करून दिली, तेव्हा त्या हसल्या आणि तो विषय मिटला. मोठ्यांसाठी मात्र एकच नियम : दूध कोणत्याही जनावराचं असो, चांगलं उकळी येईपर्यंत तापवल्याशिवाय प्यायचं नाही.

मांजरीबद्दलची भीती दुसरी होती. गरोदरपणात मांजर घरात नको, असं कोणीतरी मुलीला सांगितलं होतं. त्यामागचं कारण टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जंतू. तो मांजरीच्या विष्ठेतून बाहेर पडू शकतो आणि गरोदर बाईला पहिल्यांदाच त्याची लागण झाली, तर गर्भाला इजा होऊ शकते. पण तो मांजरीच्या अंगाला हात लावून सहसा येत नाही. विष्ठा पडल्यावर तो लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून मांजरीचं राखेचं घमेलं रोजच्या रोज साफ केलं आणि ते काम गरोदर बाईनं केलं नाही, तर धोका फार कमी होतो. हा जंतू कच्च्या राहिलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं. म्हणजे मांजर काढून टाकली आणि कबाब आतून कच्चे खाल्ले, तर उपयोग काय? घमेल्याचं काम धाकट्या मुलाकडे गेलं. मिश्रीला जंताचं औषध दिलं आणि रेबीजची लस टोचून घेतली.

मग नवासा घरी आला. अल्लाहचा शुक्र, आई आणि बाळ दोघंही सुखरूप. पण घराची घडी बदलली. मिश्री ज्या खोलीत झोपायची, ती बाळंतिणीची खोली झाली. दारात शेगडी, लोबानाचा धूर, सकाळ-संध्याकाळ पाहुणे, रात्री रडणं. दोन दिवस मिश्री कपाटाखालून बाहेर निघाली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वाळत घातलेल्या दुपट्यावर लघवी केली. मग बाळाच्या गादीवर. अम्मींनी हुसकलं, तर त्यांच्यावर फिस्कारली. ही बातमी विहीणबाईंपर्यंत पोचली आणि त्यांचा फोन आला, “आपा, पहिले बिल्ली को निकालो, बच्चे का सवाल है.” त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. नातू त्यांचाही होता. आम्ही त्यांच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

पुन्हा डॉक्टर. त्यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक मांजर पाळणाऱ्यानं लक्षात ठेवावी. मांजर अचानक भलत्या ठिकाणी लघवी करू लागली, तर ती सूड उगवते असं समजू नये. आधी ती आजारी नाही ना, ते पाहावं. मूत्राशयाला सूज आली की थेंब थेंब लघवी होते, मांजर कुंथते, ओरडते. बोक्याची लघवी पूर्ण तुंबली, तर एक-दोन दिवसांत तो दगावतो. तिथं वाट पाहायची नाही. मिश्री तपासणीत ठीक निघाली. मग राहिलं घाबरणं. मांजर घर ओळखते ती वासानं. घरातले सगळे वास एकदम बदलले, हक्काची जागा गेली, की ती आपला वास पसरून धीर धरते. आपल्याला ती घाण वाटते.

त्यानंतर आम्ही जे केलं, त्यात खर्च जवळजवळ नव्हता. जिन्याखालची शांत जागा मिश्रीला दिली. राखेचं घमेलं तिथं, आणि पाणी व खाणं त्यापासून लांब. घमेल्याशेजारी मांजर खात नाही. माळ्यावर जुनं पोतं अंथरून तिला उंचावर बसायची सोय केली. खाण्याच्या वेळा पूर्वीच्याच ठेवल्या. बाळाचं वापरलेलं झबलं तिच्या जागेपाशी ठेवलं, म्हणजे तो वास तिच्या ओळखीचा होईल. बाळ रडायला लागलं की लांबूनच तिला उकडलेल्या कलेजीचा छोटा तुकडा टाकायचा. आठवड्याभरात रडणं ऐकून पळणारी मांजर वाटीकडे येऊ लागली.

सगळ्यात मोठा फरक फिनाइल बंद केल्यानं पडला. बाळंतिणीची खोली दोन वेळा फिनाइलनं पुसायची रीत आहे. पण तसली औषधं मांजरीला विषारी ठरतात : ती फरशीवरून चालते आणि पाय चाटते. लघवीचे डागही त्यानं जात नाहीत. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, तरीही गादीची खोळ आणि दुपटी साबणाच्या कोमट पाण्यातून काढून, उन्हात कडक वाळवून घेतली. वास गेला, तशी ती जागा तिनं सोडली. याच ओघात आणखी एक सांगून ठेवतो : शेळीचं गोचीड मारायचं औषध पिसवांसाठी मांजरीला कधीही लावू नका. त्यातल्या काही औषधांनी मांजर तडफडून मरते. शेळीला फवारणी करायची तीही बाळाच्या कपड्यांपासून लांब, आणि नंतर हात धुवून.

बाळाच्या बाजूनं नियम कडक होते. मांजर बाळाचा श्वास ओढून घेते, अशी एक समजूत आहे. तसं काही नसतं. पण मांजरीला ऊब आवडते, आणि ती बाळाच्या तोंडाशी वेटोळं करून झोपली, तर त्या जिवाला मान वळवता येत नाही. म्हणून खोलीला जाळीचं दार बसवलं. नुसत्या मच्छरदाणीवर विसंबलो नाही, कारण मांजर मच्छरदाणीवर चढून बसली तर ती खाली येते. बाळ आणि मांजर एका खोलीत एकटे कधीच ठेवायचे नाहीत, पाच मिनिटंसुद्धा नाही. आणि जनावराला हात लावला की साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही.

ओरखडा किंवा चावा लागलाच, मग तो लस घेतलेल्या घरच्या मांजरीचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. रेबीजची लस तिथं मोफत मिळते. तान्ह्या बाळाला आणि दूध पाजणाऱ्या आईलाही ती देता येते. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर उपाय नाही, म्हणून ‘बघू दोन दिवस’ इथं चालत नाही.

आठ दिवसांनी आम्ही विहीणबाईंना खरं ते सांगितलं : त्रास कमी झाला आहे, संपलेला नाही. तो पूर्ण संपायला पाचएक आठवडे लागले. अकीक्याच्या दिवशी घर भरलेलं असणार, म्हणून मिश्रीला सकाळीच वरच्या खोलीत पाणी, खाणं आणि घमेलं देऊन ठेवलं. विहीणबाई जेवून वर गेल्या, खिडकीत बसलेल्या मांजरीकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि खाली येऊन एवढंच म्हणाल्या, “जाली का दरवाजा अच्छा बनाया.” आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

मांजर ही घरात तुमच्याभोवती वावरणारी आहे, ती नापाक नाही, हे आपल्याला हदीसमधून माहीत आहे. मांजरीला कोंडून, उपाशी ठेवून मारणाऱ्या बाईची हकीकतही आपण मुलांना सांगतो. पोत्यात घालून दूर सोडलेली मांजर बहुतेकदा उपाशी मरते, कुत्र्यांच्या तोंडी पडते किंवा गाडीखाली येते. ते आपल्या डोळ्यांआड होतं, एवढंच. बाळाचा जीव आधी, यात वाद नाही. डॉक्टरांनी बाळाच्या प्रकृतीमुळे जनावर लांब ठेवायला सांगितलं, तर ते ऐकावंच. पण तेव्हाही त्या जनावराची सोय लावणं आपल्याच अंगावर असतं : एखाद्या नातेवाइकाचं घर शोधावं, तिच्या सवयी सांगाव्यात, लसीचा कागद सोबत द्यावा.

म्हणून सांगणं एवढंच. घरात सून किंवा मुलगी बाळंतपणाला येणार असेल, तर निदान दोन महिने आधी जनावरांना डॉक्टरांकडे दाखवून आणा. लस, जंताचं औषध, पिसवा-गोचीड यांची कामं तेव्हाच उरकून घ्या. मांजरीची जागा बदलायची असेल, तर बाळ येण्याआधी हळूहळू बदला. गाभण शेळी असेल, तर तिचं विणं गरोदर बाईपासून लांब होईल असं बघा, आणि हातमोजांची एक जोडी घरात आणून ठेवा.