झाडे बांधावर, गाय दावणीला

वाचकहो, सातपूर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात. पण साठच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, त्याआधी हे शेतीचे गाव होते. आमचे तीन एकर तेवढे वाचले. त्याच तीन एकरांत मी केलेली चूक आज तुमच्यापुढे ठेवतो.

१९८३ साली निफाडकडील विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यात निलगिरी उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. लाकूड हेही शेतकऱ्याचे पीक आहे, हा विचार घरोघर पोचला. विचार चांगलाच होता. मी तो अर्धाच ऐकला. मी वसाहतीत नोकरीला, शेतात गडी मिळेना. १९८४ च्या पावसाळ्यात तिन्ही एकरांत निलगिरी लावून मोकळा झालो. बांधावरच्या आजोबांच्या हातच्या रामकाठी बाभळीही रोपांना आड येतात म्हणून तोडल्या.

आई एवढेच म्हणाली, "अरे, मोरी काय खाईल?"

मोरी ही आमची गाय. निलगिरीच्या पाल्याला गाय तोंड लावत नाही, शेळीही नाही. बाजरी गेली तसे सरमाडही गेले. दोन वर्षे वैरण विकत घेतली, मग मोरीला बाजार दाखवला. आई त्या दिवशी जेवली नाही. मी मनाशी म्हणत होतो, लाकूड विकले की हिला दोन गाई घेऊन देईन. १९९१ साली तोड केली, तेव्हा जिकडेतिकडे निलगिरीच झाली होती आणि भाव पडला होता. आलेल्या पैशांत तोडणीची मजुरी आणि देणी भागली. गाय काही आली नाही. तीन वर्षांनी आई गेली.

दोष झाडाचा नव्हता. सारा संसार मी एकाच पिकावर टांगला, हा माझा दोष.

पुढे खुंट खणून काढले. आता मधल्या जमिनीत बाजरी, हरभरा आणि थोडा घास असतो. झाडे बांधावर आहेत. रामकाठी बाभूळ सरळ वर जाते, सावली थोडी पडते, शेंगा शेळ्या आवडीने खातात आणि औतांना चिवट लाकूड मिळते. बांधालगत दीड-दोन फूट खोल चर ठेवतो. त्यामुळे मुळे पिकात कमी शिरतात आणि पाणीही मुरते. सुबाबळीचा पाला दावणीत टाकतो, पण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही; त्यात मायमोसीन नावाचे अपायकारक द्रव्य असते. सागही लावला आहे. त्याची नोंद सातबाऱ्यावर वेळीच करून घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे साग स्वतःच्या शेतातला असला, तरी तोडायला परवानगी लागते.

२०१४ साली आपल्या देशाने वनशेतीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. पीक, झाड आणि जनावर यांनी एकमेकांना धरून राहावे, हेच त्याचे सार. आमच्या आईने ते तीन शब्दांत सांगितले होते.

तेव्हा झाडे जरूर लावा. मात्र खड्डा खणण्याआधी घरातल्या म्हातारीला विचारा, "जनावर काय खाईल?" आणि ती काय सांगते, ते पुरते ऐकून घ्या.