शकुंतलेच्या वाटेने अचलपूर

दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनातून अचलपूरला जायचे, तर पूर्वी मूर्तिजापूरला एकदा गाडी बदलली की झाले. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, अशी ही अडीच फुटी रुळांची शकुंतला. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांत पोहोचावा म्हणून किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती टाकली. 1921 साली मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते. आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेज होणार, असे दर निवडणुकीला ऐकू येते. रुळांत रानगवत वाढले आहे.

आमच्या घरात या गाडीचे नाव निघते ते अचलपूरच्या खालाजानमुळे. त्या अम्मीच्या खाला, पण सगळे घर त्यांना खालाजानच म्हणते. दारव्ह्याहून निकाह होऊन त्या शकुंतलेनेच सासरी गेल्या. यंदा डिसेंबरमध्ये शनिवारची सकाळची शाळा आटोपली आणि आम्ही दोघे त्याच वाटेने निघालो. गाडी नाही, तर एसटीने.

निघणे सोपे नव्हते. आपल्याकडे नवरा-बायको गाव सोडतात ते शादीला, मयतीला, दवाखान्याला, फार तर इज्तेमाला. "वहाँ क्या काम है?" सासूबाईंनी विचारले. "काम कुछ नहीं अम्मी, देखने जा रहे," असे मुलांच्या अब्बांनी म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "खालाजान के लिए तिल के लड्डू ले जाना." इजाजत मिळाली. लेकरे नानीकडे गेली. लग्नाला एकोणीस वर्षे झाली, तरी कामाशिवायचा असा हा पहिलाच प्रवास.

दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव. महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्याने दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो, हा हिशेब आमच्या घरात अजून हसत सांगितला जातो. तूर फुलली होती. अंजनगावच्या अलीकडे केळीच्या बागा आणि पानमळे लागले. 30 डिसेंबर 1803 रोजी याच सुर्जी अंजनगावात दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. त्याआधी पंधरा दिवसच गाविलगड पडला होता. मुलांना हा तह एका ओळीत शिकवतो. खिडकीतून सातपुड्याची निळी रेघ दिसली, तेव्हा तो किल्ला इथून किती जवळ आहे ते कळले.

अचलपूर म्हणजे जुने एलिचपूर. 1296 मध्ये देवगिरीवर जाताना अलाउद्दीन खिलजी या वाटेने गेला. पण या गावाचा खरा थाट इमादशाहीचा. बहमनी सल्तनत मोडत आली, तेव्हा 1490 च्या सुमारास फतहुल्ला इमादुल्मुल्क वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान झाला आणि एलिचपूर राजधानी झाली. हा फतहुल्ला जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि आपल्या कर्तबगारीने चढत गेला. गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर त्याने दोन तोंडांचा पक्षी कोरवला, तो विजयनगरच्या मुलखातला गंडभेरुंड. ज्या मातीतून आलो तिची खूण त्याने आपल्या किल्ल्याच्या दारावर ठेवली आणि त्याला त्यात काही अडचण वाटली नाही. 1574 मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने हे राज्य घेतले. पाठ्यपुस्तकात पाच शाह्यांची यादी येते, तेव्हा इमादशाहीचे नाव मुले घाईघाईत उरकतात. आपल्याच वऱ्हाडची ही सल्तनत, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

उन्हे कलत असताना ऑटो करून गावाबाहेर हौज कटोऱ्याला गेलो. शेतांच्या मधोमध गोल हौद आणि त्याच्या मध्यावर आठ कोनी दगडी मनोरा. आज तीन मजले उभे आहेत. मूळचे पाच होते, वरचे दोन एका नबाबाने आपल्या वाड्यासाठी उतरवले, असे सांगतात. कमानी बघत राहावे अशा आहेत. भिंतीवर मात्र कोणा कोणाची नावे आणि बदामाची चित्रे. त्यात आपल्या पोरांचीही नावे दिसली. ही वास्तू आपल्या पुरखांची म्हणून आपण भाषणे करतो, आणि खिळ्याने तिच्यावर नावही आपणच कोरतो.

अस्रची वेळ निघून चालली होती. येताना वाटेत एका मशिदीजवळ ऑटो थांबवला होता. हे आत गेले, वजू करून जमातीत उभे राहिले. आम्हा बायकांसाठी तिथे जागा नव्हती, वजूला आडोसाही नव्हता. आमच्यासारख्याच आणखी दोघी बाहेर चबुतऱ्यावर बुरख्यात बसून होत्या, एकीच्या मांडीवर लेकरू. त्या दवाखान्यासाठी तालुक्याला आल्या होत्या. जोहर गेली, आता अस्रही जाईल, म्हणाल्या. एक बुजुर्ग बाहेर आले. त्यांना अदबीने विचारले, तर म्हणाले, "बेटी, औरतों का इंतजाम इधर नहीं रहता." रागाने नव्हे, सहज म्हणाले. बाजारात बायका आहेत, बँकेत आहेत, एसटीत अर्ध्या तिकिटाने भरभरून आहेत. नमाजच्या वेळी त्यांनी कुठे जावे, याचा विचार कमिट्यांच्या बैठकीत का येत नाही? एक कोपरा, एक पडदा, एक नळ, एवढाच तर खर्च. शेवटी बाटलीतल्या पाण्याने वजू करून हौज कटोऱ्याच्या कडेला बाभळीखाली ओढणी अंथरली. मुसाफिर असल्याने कसर, दोनच रकात. थंड वारा होता आणि हे थोडे दूर, पाठ करून राखणीला उभे होते. त्यांनी हे कधी केले नव्हते.

रात्री बिलनपुऱ्यात खालाजानकडे ज्वारीची भाकरी आणि दालगोश्त. त्यांना आता कमी दिसते. शकुंतलेची गोष्ट मात्र पाठ आहे. गाडी इतकी हळू, की भावाने उतरून बोरे तोडली आणि धावत येऊन पुन्हा डबा पकडला. "मैं रो रही थी, वो बेर खिला रहा था." मग त्यांनी विचारले, "अब कब चलेगी?" आम्ही उत्तर दिले नाही.

रविवारी फजरनंतर पायी निघालो. दुल्हा दरवाजा, जुन्या तटाचे तुकडे, नबाबी काळातल्या पडक्या हवेल्या. नंतर बिच्छन नदीकाठी हजरत शाह अब्दुल रहमान गाजींची दर्गाह. लोक त्यांना दुल्हा रहमान म्हणतात. कथा अशी, की ते महमूद गजनवीचे भाचे, लग्नाच्या मांडवातून उठून इल राजाशी लढायला आले आणि शहीद झाले. त्याच इल राजाने हे गाव वसवले, असे जैन परंपरेतही सांगतात. हजार वर्षांपूर्वीच्या या लढाईला त्या काळातला लेखी आधार नाही, आणि शिक्षकाने ते स्पष्ट सांगितले पाहिजे. आम्ही फातिहा पढलो, चादर चढवली नाही. बाजूला एक हिंदू जोडपे नारळ घेऊन उभे होते, त्यांच्या मुलीचे लग्न जमत नव्हते. दुल्ह्याच्या दारी लग्नासाठीच येणार, यात नवल काय.

परतवाड्याच्या स्टँडवर संत्र्यांचे ढीग होते. पाच किलो घेतली, दोन किलो वाटेतच संपली. मूर्तिजापूरला बस बदलायची होती. हातात अर्धा तास होता, म्हणून स्टेशनवर जाऊन आलो. अरुंद रुळ गवतात दिसतात आणि दिसेनासे होतात. ह्यांनी रुळावर पाय ठेवून अंतर मोजले आणि म्हणाले, "अडीच फूटच आहे." मग चहा घेतला. तोवर यवतमाळची बस लागली होती आणि कंडक्टर दारव्हा, दारव्हा म्हणून ओरडत होता.