बार्लो की ट्रॅपर

खिशातला घडीचा चाकू बार्लो घ्यावा की ट्रॅपर, यावर अजून घोडं अडलंय. दोन्ही दोन पात्यांचे, दोन्हींना खटका नाही. पाठीतल्या कमानीच्या ताणावरच पातं उघडं राहतं. (घडीचा चाकू म्हटलं की घरच्यांना रामपुरीच आठवतो, त्याला इलाज नाही.)

ट्रॅपर देखणा. विशेषतः पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' कंपनीचा, हाडाच्या मुठीचा. एक पातं टोकदार, दुसरं तेवढंच लांब पण बोथट टोकाचं. ते 'स्पे' पातं मुळात जनावरं खच्ची करायचं. सापळे लावणाऱ्यांना कातडं न भोसकता सोलायला बरं पडलं. मी काय सोलणार? संत्री. शिवाय मिटूनही चार इंचांवर, खिसा ओघळतो.

बार्लो मूळचा शेफील्डचा, आटोपशीर. मुठीचा पुढचा मोठा भाग धातूचा, म्हणून सांधा भक्कम. १८७६च्या 'टॉम सॉयर' कादंबरीत टॉमला मिळतो तो हाच, साडेबारा सेंटांचा! मोठं पातं फळांना, छोटं पार्सलच्या सुतळीला.

राहिलं पोलाद. कार्बन स्टील लिंबाने काळवंडतं, पुसून ठेवावं लागतं, पण दगडावर धार चटकन येते. मला तो काळेपणा आवडतो. घरच्यांना नाही आवडणार. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टेनलेस वापरावं.