माळव्यातील धुराची वाट

देवास आणि धार ही नावे मराठी वाचकांस परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने ही राज्ये उभारली. देवासास तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने चामुंडेच्या टेकडीखाली एकाच गावात नांदत होती, आणि पुढे कुमार गंधर्वांनी १९४८ पासून अखेरपर्यंत तेथेच वास्तव्य केले. परंतु एप्रिल महिन्यात देवासहून इंदूरमार्गे धारकडे जाणाऱ्याच्या ध्यानात राहतात ते राजवाडे नव्हेत. राहतो तो धूर.

त्या सुमारास माळव्यातील गहू निघालेला असतो. यंत्राने कापणी झाली की शेतात वीतभर ते हातभर उंचीचे खुंट उभे राहतात. त्यांस तिकडे ‘नरवाई’ म्हणतात. पुढील पिकासाठी रान लवकर मोकळे व्हावे म्हणून तीस काडी लावण्यात येते. आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याची ज्यांस सवय आहे त्यांस यात नवल वाटणार नाही. पण राब एका तुकड्यापुरता असतो, नरवाईची आग शिवारेच्या शिवारे पालथी घालते. सरकारने दंड बसविला आहे, तरी धूर निघतोच. शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे. खुंट उपटण्याची मजुरी त्यास कोण देणार?

दुपारी हा धूर वर चढतो आणि मनुष्य बेफिकीर राहतो. सूर्य कलला म्हणजे जमीन निवते, तिच्या लगतची हवा थंड व जड होते आणि वरची उबदार हवा झाकणासारखी बसते. मग धूर ओढ्यांच्या खळग्यांत व सखल पुलांवर साचून राहतो. त्यातील सूक्ष्म कण उजेड विखरून टाकतात. म्हणून चालकाने दिव्याचा झोत प्रखर केला की तो त्याच्याच डोळ्यांवर परततो. झोत खाली ठेवणे हेच शहाणपणाचे. एक गाडी मंदावते, दुसरी भर रस्त्यात थांबते, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्यास या दोन्ही दिसत नाहीत.

गावेच्या गावे हलवावी लागली तर अशा रस्त्याचे काय होईल? ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवर बांधल्या जात असलेल्या धरणास गळती लागली. धार व खरगोन जिल्ह्यांतील १८ गावे रिकामी करावी लागली आणि आग्रा-मुंबई रस्त्यावरील वाहतूक रोखावी लागली. अखेर बांधाच्या बाजूने चर खणून पाण्यास वाट करून दिली आणि गावे बचावली. ते संकट पाण्याचे होते. निदान रस्त्यावर धूर तरी नव्हता.

आगीपासून पळणाऱ्यांचा मार्ग मात्र आगच आंधळा करते. पोर्तुगाल देशात पेद्रोगाव ग्रांदे येथे १७ जून २०१७ रोजी वणवा पेटला. त्यात ६६ माणसे दगावली आणि त्यांतील ४७ एकाच रस्त्यावर, गाड्यांत किंवा गाड्यांलगत सापडली. पुढील वर्षी ८ नोव्हेंबरला अमेरिकेतील पॅरडाइज या गावी भर सकाळी रात्रीसारखा अंधार दाटला. बाहेर पडण्याचे रस्ते थोडे, गाड्या हजारो. कित्येकांनी गाडी तेथेच टाकून पायी धाव घेतली. त्या आगीत ८५ बळी गेले. मोकळ्या हवेत जो रस्ता घटकेत सरतो, तोच धुरात किती वेळ घेईल याचा हिशेब आधी कोणी मांडत नाही.

देवास जिल्ह्याच्या दक्षिणेस बागली, खिवनीकडे सागाची राने आहेत. उन्हाळ्यात तेथे वाळलेल्या पानांचा खच पडतो. अशा रानातील पाड्याने वृद्ध, आजारी व लेकुरवाळ्या बाया यांस धूर दिसताच, तो रस्त्यावर उतरण्यापूर्वी, पुढे काढावे हे उत्तम. कोणाची बैलगाडी, कोणाचा ट्रॅक्टर, हे फाल्गुनातच ठरलेले बरे.

इकडे गव्हाच्या पट्ट्यात खुंट कापून त्यांचा भुसा करणारी यंत्रे आता फिरू लागली आहेत. भुसा गुरांच्या तोंडी जातो. ज्या शेतांतून हे यंत्र गेले, त्यांच्या कडेने जाताना संध्याकाळीही पुढील गावचे दिवे दिसतात.